लेण्याच्या दारात काढलेल्या चपला

सगळ्यांना सलाम! कराडजवळच्या लेण्यांचा डोंगर उतरून आत्ताच घरी आलोय. तळपाय अजून जळतायत, तरी लिहितोच.

सत्तरच्या दशकात माझे वडील पलूसजवळच्या एका खेड्यात पाळक होते. एकदा चर्चमधल्या लोकांना आणि लहानग्या मला ते ही जुनी बौद्ध लेणी दाखवायला घेऊन आले. दारात त्यांनी चपला काढल्या, तसे योहानकाका भडकले. काका आमच्या चर्चमधले जुने जाणते, स्वभावानं कडक.

"आवं पाळकसाहेब, हे काय आपलं चर्च हाय व्हय? चपला काढल्या म्हंजे दुसऱ्या धर्मापुढं वाकल्यागत झालं!"

वडील शांतपणे म्हणाले, "काका, येशू जन्मायच्या आधीपासनं माणसं इथं डोळं मिटून बसत हुती. तवा त्यांच्या मनातलं कोण जाणत हुतं?"

काका बाहेरच थांबले. आम्ही आत गेलो. दिवा नाही, घंटा नाही. अख्ख्या कातळातून कोरलेला गोल स्तूप आणि भिक्षूंना झोपायला दगडी ओटे. छिन्नीनं डोंगर पोखरणारी ती श्रद्धा बघून अंगावर काटा आला.

बाहेर आलो, तर काका तिथंच उभे. आत पाऊल टाकलंच नव्हतं. पण टोपी हातात होती आणि चपला बाजूला. भर दुपारी, तापलेल्या कातळावर.

आज मी त्याच जागी अनवाणी उभा राहून पाहिलं. क्षणभरही उभं राहवलं नाही.

तुम्हीच सांगा, काका तिथं कुणापुढं उभे होते?