शुक्रवारचा फोन

पेरिदे आणि मी अ‍ॅडलेडच्या एका वृद्धाश्रमात कपडे धुवायच्या खात्यात शेजारी शेजारी इस्त्री करतो. दोघी चीनमधल्या गुल्जा शहरातल्या, उइगुर. पेरिदेचा धाकटा भाऊ शिरझात तिकडे न्हावी होता. दोन हजार सतरामध्ये पोलिसांनी त्याला दुकानातूनच उचललं, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली. आई फोनवर म्हणाली, तो शिकायला गेलाय. फोन पोलीस ऐकत, त्यामुळे चाळिशीचा न्हावी काय शिकतोय, हे विचारायची सोय नव्हती. पुढे आईचाही फोन लागेना.

पेरिदे दर शनिवारी त्याचा फोटो घेऊन अ‍ॅडलेडच्या बाजारातल्या चौकात उभी राहू लागली. एकाने विचारलं, हरवलाय का? ती म्हणाली, "हरवला नाही. नेलाय."

ती टीव्हीवर बोलली आणि त्याच आठवड्यात आईच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. आम्ही जेवत होतो. आई खुर्चीत ताठ बसली होती, डोक्याला नवा रुमाल. "फोटो खाली ठेव, पोरी," एवढंच बोलली आणि तिने बाजूला पाहिलं. तिथल्या माणसाने फोन घेतला. पोलीसच होता, पण आमच्याच भाषेत, अगदी अदबीने बोलत होता.

"भावाचा गुन्हा विचारत फिरता ना, ताई? परदेशातल्या माणसाशी फोनवर बोलायचा. तेरा वर्षांची शिक्षा झाली आहे."

"कुठल्या माणसाशी?"

"तुमच्याशी."

मग त्याने तोड सुचवली. पेरिदे गप्प राहिली तर आई दर शुक्रवारी बोलेल.

पेरिदेने फोटो कपाटात ठेवला. हिचं पोलिसांशी जमलंय असं समजून इथल्या आमच्यातल्या बायका लग्नाकार्यात तिच्या शेजारी बसेनात. त्यांतली रोझीखान तर पोलाव वाढताना सगळ्यांदेखत म्हणाली, "हिला जास्त वाढा गं, हिची तिकडे ओळख आहे." पेरिदेने ताटातलं सगळं खाल्लं आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं.

काही शुक्रवार आई बोलली. हवा, गुडघे, जर्दाळूचं झाड. मग आईऐवजी त्या माणसाचे निरोप येऊ लागले. आईला खोकला आहे. आई झोपली आहे. पुढच्या शुक्रवारी नक्की. तिकडचा हिवाळा असाच गेला.

उन्हाळ्यात त्यांच्या मोहल्ल्यातली एक बाई सीमेपलीकडे अल्माटीला पोचली. तिने पेरिदेला कळवलं की आई हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गेली. पुरताना घरचं कुणीच नव्हतं.

पेरिदेने त्याच नंबरवर फोन लावला. मी तिच्याजवळच होते.

"आई कधी गेली?"

"झाले काही महिने," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही इतक्या चांगल्या वागत होतात, ताई. उगाच कशाला दुःख द्यायचं?"

त्यानंतर ती कॅनबेराला खासदारांच्या समितीपुढे साक्षीला बसली. त्या पोलिसाचं बोलणं तिने शब्दन् शब्द सांगितलं. तुमची अपेक्षा काय, असं अध्यक्षांनी विचारलं. ती म्हणाली, "तो रोज कामावर जातो, घरी येऊन जेवतो. त्याचं नाव शोधा. त्याला समोर बसवा आणि विचारा." अध्यक्षांनी आभार मानले, तिकडच्या सरकारला आमची चिंता कळवू म्हणाले. मग चहाची सुट्टी झाली.

महिन्याभरात तिकडे तिच्या मावशीलाही नेलं. शिरझात जिवंत आहे की नाही, अजून कुणी सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलं, आता पुरे कर, बाई. चादरीची घडी घालता घालता तिने विचारलं, "आता त्यांच्याकडे न्यायला उरलंय कोण?"