परतीची ओळ

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला पुठ्ठा आज सकाळी पुन्हा वाचला. लग्नानंतर वर्षभरात मी तो केला होता. माहेर, लग्नकार्य, देवदर्शन, दवाखाना असे चार रकाने, प्रत्येकाखाली न्यायच्या वस्तू. खुणा पेन्सिलीने करायच्या, परत आलं की खोडायच्या, म्हणजे यादी जन्मभर पुरेल. काय तो तोरा बाईसाहेबांचा! सासूबाईंनाही शिकवायला गेले होते.

उद्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. म्हणून दवाखान्याचा रकाना पाहिला, तर त्यात टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू! त्या शहाणीला वाटायचं, माणूस दवाखान्यात जातो तो एकाचे दोन होऊन यायलाच.

प्रत्येक रकान्याच्या तळाशी 'परत आणायचं' अशी एक ओळ आहे. ती ह्यांच्यामुळे, हा माणूस जाईल तिथे पंचा विसरून यायचा. यादीत सामान कुठे असतं, त्या त्या वयाची भीती असते. तेव्हा मला पंचा हरवण्याची भीती होती.

"लाडू घेतलेस ना डिंकाचे?" खुर्चीतून ह्यांनी विचारलं.

"गप्प बसा. तुमची कवळी, पंचा, सगळं घेतलंय."

"मग परतीच्या ओळीत मलाही लिही बाई. नाहीतर पंचा तेवढा आणशील."

मला हसू आलं नाही. उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं ह्यांचं नाव मी त्या ओळीवर लिहिलं. पेन्सिल बाजूला ठेवून, पेनाने.