दार लोटून बोललेलं

सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाजारातल्या अरुंद दुकानात कपडे शिवण्यात त्यांची हयात गेली. पुढे डोळ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं आणि त्याच वर्षी बायको गेली. मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं.

घरात वाईट कुणीच नव्हतं. तरी मास्तरांच्या मनात पाल चुकचुकायची. ते स्वयंपाकघरात शिरले की मुलगी आणि जावई बोलता बोलता गप्प होत. फोन वाजला की मुलगी बाल्कनीत जाऊन दार लोटून घेई. मास्तरांच्या थोरल्या भावाचा दर रविवारी येणारा फोनही बंद झाला होता.

"काकांकडे लाइन लागत नाही, बाबा."

"मग मीच जाऊन येतो."

"एवढा प्रवास? नको. बघू पुढे."

पाणी कुठेतरी मुरत होतं. आपल्याला वृद्धाश्रमात टाकायचं चाललंय, अशी मास्तरांची खात्री झाली. मग चहा कडू लागू लागला. यात काहीतरी कालवलंय, असं वाटून ते तो गुपचूप बेसिनमध्ये ओतायचे. जावयाने आधी खाल्ल्याशिवाय भाजीला हात लावायचे नाहीत. झोपताना दाराला आतून खुर्ची लावायचे. एकदा तर शेजारच्या काकूंना जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "मला काही झालं तर लक्षात असू द्या, मी धडधाकट होतो."

काकूंनी ते मुलीच्या कानावर घातलं. ती रडली आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई आधी मास्तरांशी एकांतात बोलल्या. नंतर मुलगी-जावयाला आत बोलावून म्हणाल्या, "ते म्हणतात, तुम्ही काहीतरी लपवताय. खरं आहे का?"

जावई म्हणाला, "त्यांचे थोरले भाऊ गेले. सासूबाई गेल्याचं दुःख ताजं आहे, त्यात हा धक्का सोसवणार नाही म्हणून सांगितलं नाही."

"काम, बायको, स्वतःचं घर, सगळं एकापाठोपाठ गेलंय. अशाने मन धास्तावतंच. त्यात तुमची कुजबुज. औषध देते, पण आधी त्यांना खरं सांगा."

घरी आल्यावर मुलीने त्यांचा हात धरून सांगितलं.

"दादा गेला, आणि मी इथे टीव्ही बघत होतो," ते म्हणाले. मग रडले. बायको गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं तर?"

"नाही, बाबा."

"थोडं लागलं होतं."

त्याच आठवड्यात जावई त्यांना वहिनींकडे घेऊन गेला. मास्तर आणि वहिनी दादाच्या रिकाम्या खाटेशेजारी दिवसभर बोलत बसले. परतल्यावर मास्तर पोटभर जेवू लागले. संशय मात्र समूळ गेला नाही. गोळ्यांचं पाकीट आजही ते स्वतः औषधवाल्याला दाखवतात, "हेच ना?" म्हणून विचारतात आणि मगच घेतात.