वडिलांची शिडाची नौका

वडील जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनखोलीत राबले. वर्षातले दोन महिने शुक्रवार पेठेतल्या घरी यायचे. आई गेली तेव्हाही ते समुद्रावरच होते. तिला अग्नी मीच दिला.

निवृत्तीनंतर त्यांनी गोव्यातून एक जुनी शिडाची नौका घेतली आणि ट्रेलरवर घालून शहराबाहेरच्या आमच्या प्लॉटवर आणली. दोन वर्षं तिच्यातच गेली. नवं इंजिन बसवलं, छतावर सोलर टाकलं, शिडं पेठेतल्या मंडपवाल्याकडून शिवून घेतली. सुकाणूचं चाक काचेच्या बंद केबिनमध्ये होतं. मला तिथं बसवून म्हणाले, "हितं बसून चालवायची. ऊन न्हाई, पाऊस न्हाई. मालवणातनं पाण्यात घालू, केरळपर्यंत जाऊ. तू बी चल की. तुझ्या लहानपणी मी नव्हतोच."

"आईला न्यायचं होतं तुम्ही," मी म्हणालो.

त्याच वर्षी दिवाळीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यात मी त्यांचा डावा अंगठा धरून विक्रीच्या कागदावर उठवला. "औषधांचे कागद आहेत," असं सांगितलं. नौका हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने नेली.

घरी आल्यावर ते रोज विचारायचे, "नौका... झाकली का?"

"झाकली," मी म्हणायचो.

मग एका रविवारी मी त्यांना त्या ढाब्यावर जेवायला नेलं. का नेलं? त्यांचा चेहरा बघायचा होता, हेच खरं.

डोलकाठी कापलेली होती. केबिनमध्ये टेबल टाकलं होतं, तिथंच आम्हाला बसवलं. वडिलांनी डाव्या हाताने चाक धरलं आणि जोर लावला.

"आजोबा, फिरत नाही ते," वेटर म्हणाला. "वेल्डिंग केलंय. पोरं खेळतात ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"हो."

"इंजिन?"

"भंगारात गेलं."

शिडांचं त्यांनी विचारलं नाही. ती खिडकीतून दिसतच होती, मोटारसायकलींवर सावलीला बांधलेली. आमटी त्यांच्या शर्टावर सांडली. मी पुसली नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला... माळशिरसला सोड. बहिणीकडं."

त्याच संध्याकाळी सोडलं. पुढे ते वर्षभरच जगले. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा आत्या म्हणाली, "आत्ता तर जागा होता की." ते भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडले होते. पापण्या हलत होत्या.