साडेदहाची पानं

मंगळवार, १४ मार्च २०१७. सकाळी नळ दुरुस्त झाला. वन्संची साखर पुन्हा वाढली. तीन महिन्यांत उतरली नाही तर इन्सुलिन सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. हे गेल्यापासून, अकरा वर्षं, आम्ही दोघीच राहतो. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतात. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, दाणा तोलायचा, एकेकाला वाटीत बसवून वजन करायचं. नव्या उंदराला आधी तळहाताची ऊब देतात, मग काट्यावर ठेवतात. तिथे सगळे त्यांना उंदीरमावशी म्हणतात.

दुपारी मी म्हटलं, "गोड तर तुम्ही चाखतही नाही. मग ही साखर येते कुठून?"

"वेळेतून," त्या बोलून गेल्या आणि जीभ चावली.

मी सोडते थोडीच!

त्यांच्याकडे उंदरांच्या दोन खोल्या आहेत. दाणा दोन्हीकडे तोच, तेवढाच. एकीकडे उंदीर जागे असताना देतात, दुसरीकडे त्यांच्या झोपेच्या वेळी. हे दुसरे फुगतात. तिथल्या मोठ्या बाईंनी वन्संना समजावलं होतं, की यकृताच्या पेशीपेशीत घड्याळ असतं. साखर कधी साठवायची, कधी सोडायची, त्याची जनुकं आपापल्या वेळी चालू होतात, बंद होतात. मेंदूतलं घड्याळ उजेड पाहून चालतं, यकृतातलं जेवण पाहून. रोज अवेळी जेवलं की दोघांचं बिनसतं.

"म्हणजे दुकानाचं शटर ओढल्यावर गिऱ्हाईक!"

"आणि तेही रोज, वहिनी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "दादा कामावरून साडेदहाला यायचा. तू अजून त्याच वेळेला पानं घेतेस. मी काय बोलणार?"

मी जुन्या डायऱ्या काढल्या. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी प्रत्येक नोंदीला वेळ घालायची शिस्त लावलेली. जेवण १०.३०. जेवण १०.३५. हे गेले त्या महिन्यातही तेच. आणि मी समजत होते, वन्संनाच उशिरा भूक लागते.

"आजपासून सातला जेवायचं," मी म्हटलं.

"दादा रागावला तर?"

"रागवू देत. माझ्यासाठी कधी थांबलेत ते?"

वन्सं हसल्या, मग डोळे पुसायला पुन्हा चष्मा काढला.

जेवण ७.०५. पावणेआठला भांडी घासून पालथी घातली.