दारावर चिकटलेला पेत्को

नदीकाठच्या लोम गावात माणूस गेला की त्याचा चेहरा आधी इस्क्राच्या संगणकाच्या पडद्यावर यायचा, मग गावाच्या दारांवर आणि खांबांवर. चर्चसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती एकोणीस वर्षं शोकपत्रकं करत होती. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली चार ओळी. त्याआधी ती बंदराच्या कचेरीत टंकलेखिका होती. तिच्या कागदात कधी खाडाखोड सापडली नाही, असं जुनी माणसं अजून सांगत, आणि ते तिला ठाऊक होतं.

उन्हाळा सरता सरता दुकानाच्या मालकिणीनं, रालित्सानं, संगणकावर नवी प्रणाली बसवून घेतली. सकाळी इस्क्रानं सवयीनं डाव्या कोपऱ्यात बाण नेला, तर तिथे काहीच नव्हतं. ‘स्टार्ट’चं बटण मधोमध जाऊन बसलं होतं. उजव्या क्लिकनं उघडणारी लांब यादी आखडली होती. ‘कापा’, ‘चिकटवा’ हे शब्द जाऊन त्यांच्या जागी नखाएवढी चित्रं आली होती.

“दाखवू का, मावशी?” रालित्सानं विचारलं.

“तू शाळेत जात होतीस तेव्हापासून करतेय मी हे.”

मग ती चोरून शिकू लागली. रालित्सा कॉफी आणायला गेली की एकेक चित्र दाबून बघायची, आणि जे कळलं ते कागदावर काढून कीबोर्डखाली सरकवायची. कात्री म्हणजे कापणं. दोन पानं म्हणजे नक्कल. बाकीच्या चित्रांपुढे प्रश्नचिन्हं होती.

ल्यूबेन गेनोव जाऊन चाळीस दिवस होत आले होते; त्या दिवशी लावायचं दुसरं पत्रक त्याच आठवड्यातलं. धाकटा भाऊ पेत्को फोटो देऊन गेला. जाताना म्हणाला, “चौकात आणि आईच्या दारावर तूच लाव, इस्क्रा. तुझ्या वाटेवरच आहे. त्याच्या तोंडाला परत खळ फासणं माझ्याच्यानं होणार नाही.”

पूर्वी फोल्डरमध्ये सगळ्यात नवा फोटो वर असे. आता क्रम बदलला होता आणि फोटोंऐवजी नुसती नावंच दिसत होती. वर ‘गेनोव’ दिसलं, तिनं ते उचललं. चौकटीत चेहरा आला. तीच जाड मिशी, त्याच भुवया. गळ्यात टाय. टाय? ल्यूबेनच्या गळ्यात? तिचा हात थबकला. पण आता मागे कसं जायचं ते तिला येत नव्हतं, आणि रालित्सा पाठीशीच उभी होती. एका प्रश्नाचं काम होतं. तिनं छापलं, आणि घरी जाताना सांगितल्याप्रमाणे लावलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेत्को दुकानात आला तो चौकातला कागद फडकवतच.

“काय गं, मी कधी गेलो? मला कळवायचं तरी!”

आवाज चेष्टेचा होता, चेहरा नव्हता. कागदावर नाव ल्यूबेनचं होतं आणि फोटो पेत्कोचा, वसंतात ओळखपत्रासाठी याच दुकानात काढलेला.

“चौकातले हसले, हसू देत. तुझ्या नावाचा गहू कधी शिजवायचा, म्हणे. पण आईला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. चेहरा दिसतो. मी पाव घेऊन पोचलो तर ती उंबऱ्यावर बसून रडत होती. दुसराही गेला आणि मला कुणी सांगितलं नाही, म्हणून.” त्यानं हातातला कागद टेबलावर ठेवला. “तिच्या दारावरचा निघतही नाहीये. फार नीट चिकटवतेस तू.”

“या नव्या प्रणालीनं घोळ घातलाय,” इस्क्रा बोलून गेली.

“हो काका, मीच बसवून घेतली ती,” रालित्सा लगेच म्हणाली. “चूक माझी.”

इस्क्राचे कान तापले. पेत्को गेल्यावरही ती रालित्साकडे बघू शकली नाही.

दुपारी ती बादली आणि फडकं घेऊन पेत्कोच्या आईच्या, स्तामेनाआजीच्या दाराशी गेली. म्हातारी खुर्ची टाकून बाहेरच बसली होती, मांडीवर ल्यूबेनच्या नावानं वाटायच्या, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट. इस्क्रा कागद भिजवून नखांनी खरवडू लागली. टाय निघाला, हनुवटी निघाली.

“यंत्र बिघडलं म्हणे,” आजी म्हणाली.

इस्क्राला नुसतं ‘हो’ म्हणता आलं असतं.

“नाही, आजी. यंत्र नीट होतं. मला ते येत नव्हतं. छापताना शंकाही आली होती. विचारायची लाज वाटली.”

आजीनं ताटातला गहू चमच्यानं सारखा केला.

“म्हणजे तुझ्या लाजेपायी मी सकाळभर पेत्कोला रडले.”

इस्क्रा खरवडत राहिली.

“मिशी राहिलीय बघ,” आजी म्हणाली. “तीही काढ.”

गहू तिनं इस्क्रापुढे केला नाही. वाटेनं जाणाऱ्या शेजारणीला मात्र वाटीभर दिला.

इस्क्रा परतली तेव्हा तिच्या नखांत अजून खळ होती. तिनं कीबोर्डखालचा कागद काढला आणि रालित्सापुढे ठेवला. रालित्सा ती चित्रं बघत राहिली. हसली नाही. ती हसली असती तर सोपं गेलं असतं.

“कुठलं अडतंय, मावशी?”

“सगळंच,” इस्क्रा म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची तिच्यासाठी रिकामी करून बाजूला उभी राहिली.