परातीवरचं लाटणं

आमच्या घरमालकीण खाला रोज संध्याकाळी सहाला परातीवर लाटणं बडवून अख्खं घर रिकामं करायच्या. "हल्ली गे हल्ली! जमीन हल्ली! चलो भाईर!" अशी आरोळी आली, की आम्ही सहा मुली वह्या टाकून, हाती लागेल ती चप्पल पायात सरकवून समोरच्या मोकळ्या प्लॉटवरच्या लिंबापर्यंत पळायचो. जमीन अर्थातच जागची हललेली नसायची.

लातुरात तेव्हा भूकंपाला दोन वर्षं होत आली होती आणि गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या. खाला रजया शिवायच्या आणि घरातल्या दोन खोल्या आम्हा बारावीच्या मुलींना भाड्याने द्यायच्या. भूकंपाच्या पहाटे त्यांचं घर शाबूत राहिलं. पण वर्षानुवर्षं मांडी घालून टाके घालणारे त्यांचे पाय ऐनवेळी उठेचनात. "आमच्या मियाँनं मला गठ्ठ्यासारखं उचलून आनलं," त्या सांगायच्या. "सगळ्या मोहल्ल्यासमोर! डर नई लगा बेटी, शरम लई आली." त्याच आठवड्यात परात सुरू झाली.

मी अहमदपूरची. बारा-बारा तास बसून वाचायची. एकदा क्लासच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. गावाहून वडिलांचा, अप्पांचा, निरोप आला: पुन्हा असं झालं तर बिस्तरा गुंडाळून घरी यायचं. मला तर डॉक्टर व्हायचं होतं. मी ताबडतोब यादी केली: साडेचारला उठणे, सूर्यनमस्कार एकशे आठ, दोरीवरच्या उड्या पाचशे, शेवटी शवासन. तिसऱ्या दिवशी मला त्यातलं शवासन तेवढं जमत होतं.

खालांनी यादी वाचून घेतली. "एक सौ आठ कायकू? नवस बोललीस का?" मग गंभीरपणे म्हणाल्या, "उद्या परत करावंसं वाटंल, इत्तंच करायचं. अन् हसता येईना इतकी धाप लागली, की बस."

त्यांचा सगळा व्यायाम एवढाच. बाहेर पडलं की वीस मिनिटं कुणी आत जायचं नाही. लंगडी, फेऱ्या, नाहीतर चौघींनी चार टोकं धरून रजई झटकायची. कापूस नाकात, हसून पोटात कळ. मी फेऱ्या मोजायला लागले, तर खालांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून स्वतःच्या अंबाड्यात खोचली. महिन्याभरात जिना चढताना कठडा धरायचं मी विसरले.

तेवढ्यात कुठल्याशा आत्याने गावी सांगितलं, "पोरगी वाळली." अप्पा न कळवता आले. क्लासवरून येते तर माझा बिस्तरा दोरीने करकचून बांधलेला. मी रडले, भांडले. ते एकच म्हणाले, "शिकायला जिवंत तर ऱ्हायला पायजे ना, बाई?"

आणि सहा वाजले.

परातीचं अप्पांना कुणी सांगितलंच नव्हतं. "हल्ली!" ऐकताच त्यांनी बिस्तरा डोक्यावर घेतला, माझं मनगट पकडलं आणि अनवाणी धूम ठोकली. लिंबाखाली सगळ्यांच्या आधी आम्ही! "भाईसाब पहिला नंबर!" खाला ओरडल्या. मुली टाळ्या पिटत होत्या, हसून लोळायच्याच काय त्या बाकी राहिल्या होत्या.

अप्पा बिस्तऱ्यावर बसले. छाती भात्यासारखी. मी शेजारी उभी राहून पोट धरून हसत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुला... धाप न्हाई लागली?"

"नाही अप्पा."

"वाळली म्हनं!" त्यांनी आत्याचा उद्धार केला आणि दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटते ना सुटते तोच खालांनी दोरी ओढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि फिरवायला लागल्या. "आव भाईसाब, एकच उडी!"

अप्पांनी आजूबाजूला पाहिलं, धोतर वर खोचलं आणि मारली.

डॉक्टर होऊन मला आता बरीच वर्षं झाली. खाला गेल्या त्यालाही बरीच. गुडघे धरून आलेले पेशंट विचारतात, "रोज किती चालू?" माझा हात सवयीने कागदाकडे जातो, आकडा लिहायला. मग मी पेन खाली ठेवते आणि विचारते, "संध्याकाळी सोबत हसायला कोण आहे?"